दुसऱ्या मजल्यावरचा वित्त आयोग

दुपारची जेवणं उरकली की लालबागच्या त्या चाळीचा दुसरा मजला पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. खाली रस्त्यावर हॉर्न चालूच असायचे, मसाल्याच्या गल्लीतून भाजक्या मिरचीचा वास जिना चढून वर यायचा, पण गॅलरीत पोचेपर्यंत सगळ्याची धार गेलेली असायची. कठड्याच्या गजांच्या सावल्या फरशीवर आळसावत लांब होत जायच्या. अशा वेळी उन्मेष परब आपल्या दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेला असे. ओठ किंचित हलत. मधूनच तो मान तुकवी, जणू समोरून कुणी ओळखीचं गेलं.

"अप्पा, चिरंजीव झोपले वाटतं?" येणारा-जाणारा विचारी.

"झोपलाय कुठला? राज्यसेवेचा अभ्यास चाललाय," उन्मेषचे वडील आतून सांगत. "आमच्या वेळी पोरं तोंडावर पुस्तक घेऊन झोपायची. आता पुस्तकही लागत नाही. प्रगती आहे."

अप्पांची सगळी नोकरी परळच्या एका इस्पितळात केसपेपर सांभाळण्यात गेली होती. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा. मिटल्या डोळ्यांचा अभ्यास त्यांच्या कुठल्याच फायलीत बसत नव्हता.

उन्मेष मात्र झोपलेला नसे. तो याच गॅलरीतून चालत असे, फक्त मनातल्या मनात.

ही युक्ती त्याला दादरच्या अभ्यासिकेत कुणीतरी मोबाइलवर दाखवली होती. आपल्या ओळखीच्या जागेत एकेक गोष्ट ठेवून द्यायची, आणि लागेल तेव्हा मनानं तिथं जाऊन उचलून आणायची. मोठमोठ्या लोकांनी म्हणे यासाठी राजवाडे वापरले. उन्मेषकडे राजवाडा नव्हता, चाळ होती. आणि हिशेबाला बसलं तर चाळच सरस. राजवाड्यात खोल्या फार आणि माणसं थोडी, इथं उलटा प्रकार. घटनेची कलमं काही कोऱ्या भिंतीला चिकटत नाहीत, त्यांना माणूस लागतो.

माणसं तर तयारच होती. जिन्याजवळच्या खोलीतले गुणाजी हे चाळ कमिटीचे सेक्रेटरी. कमिटीची सभा भरलेली नसली की हे गृहस्थ फळ्यावर खडूनं हुकूम लिहून मोकळे, आणि सभा भरली की तोच हुकूम मंजूर करून घेताना त्यांना घाम फुटायचा. राष्ट्रपतींचा वटहुकूम, कलम एकशे तेवीस, उन्मेषनं त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन बसवला. तो जन्मापासून तिथलाच असल्यासारखा बसला. शेजारच्या दुर्गाकाकूंचा स्वतःचा खर्च काहीच नसे, पण दुसऱ्याच्या घरात जाणारी प्रत्येक पिशवी त्या डोळ्यांनी उघडून पाहत आणि मागाहून शेरा मारत. नियंत्रक व महालेखापरीक्षक, कलम एकशे अठ्ठेचाळीस. त्यांच्या पलीकडचा हरेश्वर डोंबिवलीला राहायला गेला होता आणि खोलीला कुलूप होतं. त्या दारावर मालमत्तेचा मूलभूत हक्क लागला, जो मागेच मूलभूत हक्कांतून वगळला गेला. दार आहे, पाटी आहे, आत कुणी नाही. अप्पांना मिळालं कलम शहात्तर, महान्यायवादी. कुठल्याही सभागृहात बोलायची मुभा, मत द्यायचा अधिकार कुठंच नाही. हे उन्मेषनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर तिनं दुरुस्ती न सुचवता मंजूर केलं असतं.

गॅलरीच्या टोकाला मंजुळामावशी. माहेर वरळीच्या कोळीवाड्यातलं, धंदा परळच्या बाजारात मासळीचा. दुपारी परतताना पाटीत जे उरेल ते ती मजल्यावर वाटत यायची, आणि त्या वाटपामागं एक शास्त्र होतं. कुणाकडे खाणारी तोंडं जास्त, कुणाकडे आजारी माणूस, कुणी मागच्या होळीला पोळी धाडली नव्हती. वाटप झालं की निम्मा मजला खूश आणि निम्मा नाराज. केंद्र आणि राज्यांत करांची वाटणी सुचवणारा वित्त आयोग, कलम दोनशे ऐंशी, मावशीच्या मोरीजवळ ठेवला, तेव्हा उन्मेषला स्वतःचाच हेवा वाटला.

दादरच्या क्लासच्या चाचणीत तो पहिला आला.

"कसं काय जमवलंस रे?" स्पृहानं विचारलं. स्पृहा परळची. अभ्यासिकेत ती उन्मेषच्या समोरच्या टेबलावर बसायची. गेल्या वर्षी तिची पूर्व परीक्षा अगदी थोडक्यात हुकली होती. तेव्हापासून तिनं मोबाइलचं घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचा सपाटा लावला होता. तिच्या जगात ऋतू नव्हते, पहिली उजळणी होती, दुसरी होती, तिसरी होती. बाजारात आंबा आला तरी तिला कुणीतरी सांगावं लागे.

उन्मेषनं सगळं रंगवून सांगितलं.

"म्हणजे तू चाळीत फिरतोस आणि मार्क पडतात."

"फिरत नाही, भेटी देतो."

"आणि उरलेला वेळ?"

यावर उन्मेष नुसता हसला. उरलेला वेळ ही त्याची नवी मिळकत होती. बाकीची पोरं विहीर खणत बसली होती आणि त्याला नळ सापडला होता. चाळीत वाढलेल्या पोराला खरं तर कळायला हवं होतं की नळ असला म्हणून त्याला पाणी असतंच असं नाही.

उरलेल्या वेळात तो स्वप्नं बघे. कुठल्याशा लांबच्या तालुक्याचं गाव, तहसील कचेरीसमोर कडुनिंब, संध्याकाळी कचेरी सुटल्यावर इतकी शांतता की पानं पडलेली ऐकू यावीत. लालबागेत जन्मलेल्या माणसाला याहून मोठी चैन सुचत नाही. मनातल्या चाळीत तो पंधरवड्यातून एकदा डोकावे, तेही सणाला नातेवाइकांकडे जावं तसा. सगळं जागेवर आहे ना, बघून परत.

इकडे प्रत्यक्षातल्या मसाल्याच्या गल्लीत जयवंतमामा त्याची वाट बघत होता. मामाचं मिरची कांडपाचं दुकान, आणि गुडघे गेलेले. अप्पांनी त्याला शब्द देऊन टाकला होता. यंदाची पूर्व परीक्षा शेवटची. यादीत नाव आलं तर मुख्य परीक्षेचं बघू. नाही आलं, तर दुसऱ्या दिवसापासून उन्मेष कांडपावर. काम वाईट नव्हतं. पण मिरची फुटायला लागली की उन्मेष शिंकायला लागे तो दुकान बंद होईपर्यंत, आणि त्या धुरळ्यात कडुनिंब काही दिसत नसे.

"शिंकांची सवय होते रे," मामा दिलासा द्यायचा. "मला पण व्हायच्या. आता नाकच नाय उरलं."

मे महिन्यात क्लासनं पूर्ण पेपरची सराव परीक्षा घेतली. खोलीत पंखा घरघरत होता. उन्मेषनं प्रश्न वाचला, वित्त आयोगाचाच होता. त्यानं डोळे मिटले आणि जिना चढला.

आत नेहमीची दुपार होती. मनातल्या चाळीत दुसरी वेळच नसे. ऊन मधासारखं दाट, गॅलरी खरीपेक्षा थोडी लांब, आणि बोलणी जाड पडद्यापलीकडून यावीत तशी. गुणाजी दारातच होते.

"काय रे झिला, खंय असतंस? दिसूक नाय."

"जरा घाईत आहे, काका."

"घाई सगळ्यांकाच असता. ह्यो फळो वाच आधी."

त्यानं फळा वाचला. न वाचता पुढं जाणं म्हणजे सेक्रेटरीचा अपमान. दुर्गाकाकूंनी त्याचे रिकामे हात निरखले आणि इतक्या दिवसांनी येतोस ते असाच का, असं विचारलं. त्यांची समजूत काढण्यात थोडा वेळ गेला. हरेश्वरच्या कुलपाशी तो जरा रेंगाळला, कुलपावर ऊन छान पडलं होतं. मंजुळामावशी मोरीपाशी बांगडे साफ करत होती.

"बस," ती म्हणाली.

"मावशी, तेवढा वित्त आयोग..."

"देते ना. चहा टाकलाय. घोटभर घे, मग ने."

आता या चाळीत कुणी चहा टाकलाय म्हटल्यावर उठून जाणारा माणूस आजवर जन्मला नाही. जन्मला असेल तर तो माजलाय, अशी बातमी तळमजल्यापर्यंत पोचलेली असते. उन्मेष बसला. चहात आलं होतं. मावशीनं कोळीवाड्यातल्या भावाच्या होडीची हकिगत काढली, ती ऐकताना पाण्यावरचा उजेड भिंतीवर हलायला लागला, आणि त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकलाच.

पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागत होते. त्या कागदावरचे अर्धे गोल कोरे होते.

स्पृहाला सत्तरीच्या पुढं मार्क होते. उन्मेषचे मार्क अप्पांनी कागदावर पाहिले, म्हणजे ते घडलंच. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि पायात चपला सरकवून मसाल्याच्या गल्लीकडे गेले. ते ओरडले असते तर उन्मेषला सोसलं असतं.

तो दारातून बाहेर आला. खरीखुरी मंजुळामावशी खऱ्या गॅलरीत पाट टाकून मासळी साफ करत बसली होती.

"ये रे, बस. चहा टाकलाय."

उन्मेषला हसावं की रडावं कळेना. तो बसला. तोंडातून प्रश्न निघूनच गेला, "मावशी, माणूस घाईत असला तरी तुम्ही बसवताच का हो?"

"घाईत कोण नाय?" मावशीनं सुरी थांबवली नाही. "तू दिसतोस कधी? डोळे मिटून खुर्चीत पडलेला असतोस, नायतर दादरला. महिन्यातनं एकदा दारात येतोस, मग नको बसवू? लोक बोलतील, मंजुळा शिष्ट झाली. आता हा गुणाजी बघ. दिवसभर माझ्या दारावरनं ये-जा करतो. त्याला मी कधी विचारलंय चहा? वर मान करून बघत पण नाय मी."

"मी ऐकतंय हां," जिन्याकडून गुणाजींचा आवाज आला.

"ऐका. रोजच्या माणसाला कोण बसवतं?"

उन्मेषनं चहा संपवला. आपलं कुठं चुकलं ते त्याला बशी खाली ठेवता ठेवता दिसलं. ठेवलेलं काहीच हरवलं नव्हतं. वटहुकूम, आयोग, हिशेब तपासणीस, सगळी मंडळी आपापल्या दारात होती. तोच पाहुणा होता. आणि पाहुण्याला या चाळीनं कधी लवकर सोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे स्पृहाला सांगितलं. ती पेन तोंडात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे रोज जायचं. उजळणीच की रे ही. मी काय वेगळं सांगत होते?"

"तू कंटाळवाणं सांगत होतीस."

"कंटाळवाणीच असते ती. तुझ्या आयोगाला बांगड्यांचा वास येतो, एवढाच फरक." मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मी काल करून बघितलं, आमच्या बिल्डिंगमध्ये. नाही जमलं. टॉवर आहे ना, सगळी दारं बंद. समोर कोण राहतं तेसुद्धा माहीत नाही. कलम ठेवू कुणाकडे?"

"मग आमच्या चाळीत ठेव."

ती खरंच आली एका रविवारी. दुर्गाकाकूंनी तिला पायांपासून वरपर्यंत तपासली आणि पिशवीत पुस्तकंच निघाली म्हणून थोड्या खट्टू झाल्या. गुणाजींनी फळा वाचून दाखवला. मंजुळामावशीनं अर्थातच बसवली. परत जाताना स्पृहा जिन्यात म्हणाली, "एकशे अठ्ठेचाळीस आता मी मेले तरी विसरणार नाही." बदल्यात तिनं उन्मेषला आपलं घड्याळ शिकवलं. मनातल्या जिन्याशी पाऊल टाकताना ते लावायचं, वाजायच्या आत परत यायचं.

मग सुरू झाली ये-जा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, अभ्यासिकेत जुना पेपर सोडवताना तर सारखीच. सुरुवातीला घड्याळ वाजे तेव्हा तो अजून फळाच वाचत असे. पुढं गुणाजी नुसतं "चललंस?" म्हणायला लागले. हळूहळू खोल्या भरत गेल्या. दुर्गाकाकूंच्या खिडकीत लोकलेखा समिती आली, पाण्याच्या पिंपांच्या रांगेत गोदावरीच्या उपनद्या लागल्या, प्रवरा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता, आणि त्यांची पुढं घुसण्यावरून भांडणंही लागली. गणपतीच्या दिवसांत तर कहर झाला. बाहेर लालबागेत माणसाला पाऊल ठेवायला जागा नाही, आणि तीच गर्दी त्याच्या मिटल्या पापण्यांतून आत शिरली. मनातल्या जिन्यावरही रांग. कुणी विचारी, दर्शनाची लाइन हीच का? तो अंग चोरून, माफ करा म्हणत, मावशीच्या दारापर्यंत पोचे आणि हवं ते घेऊन परते. विसर्जनानंतर चाळ रिकामी झाली तेव्हा त्याला आढळलं, की आपल्याला आता गर्दीतूनही वाट सापडते.

पण याचं मोल द्यावं लागलं, आणि ते त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आतलं ऊन पातळ होत चाललं. गुणाजींचा आवाज गेला, मग चेहरा पुसट झाला, दारात नुसता वटहुकूम उरला. काकूंची नजर त्याच्या हातांवरून निघून गेली. चहाचा वास येईनासा झाला. एका दुपारी तो मावशीच्या दारात गेला, आयोग उचलला, आणि परत फिरताना लक्षात आलं की मावशी होती की नव्हती हे आपण पाहिलंच नाही. खुर्चीत डोळे उघडून तो बराच वेळ कठड्याकडे बघत राहिला. घड्याळ अजून वाजलंही नव्हतं.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं. हल्ली ते झोपेवरून बोलत नसत.

"काही नाही. लवकर झालं."

अप्पांनी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं. कागदावर नसलेल्या गोष्टीसाठी त्यांनी केलेली ती पहिलीच हालचाल असावी.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी परीक्षा झाली. केंद्र दादरच्या एका शाळेत होतं. बाक लहान मुलांचे, उन्मेषचे गुडघे वर टेकत होते. घंटा झाली आणि तो निघाला. जिना, फळा, पिंपं, कुलूप. कुणी वर मान करून पाहिलं नाही. तो हात पुढं करी आणि वस्तू हातात येई. जे त्यानं कुठंच ठेवलं नव्हतं, ते प्रश्न त्यानं निमूट सोडले. परक्या घरात शोधाशोध करायची नाही, हेही त्याला आता जमत होतं.

शेवटच्या काही प्रश्नांत एक वाटणीचा निघाला. तो गॅलरीच्या टोकाला गेला. मोरीजवळ मावशी पाठमोरी बसली होती. सुरी सुरूच होती. आयोग जागेवर होता. त्यानं उचलला, आणि वेळ हाताशी आहे असं दिसल्यावर तो दारात क्षणभर उभा राहिला. विचारेल, असं त्याला वाटलं. विचारावं, असंही वाटलं.

"जा रे," मान न वळवता मावशी म्हणाली. "पेपर आहे ना तुझा?"

तो बाहेर आला. उत्तरपत्रिकेवर गोल काळा केला. सगळे सोडवलेले प्रश्न पुन्हा एकदा तपासून झाले तरी पर्यवेक्षक यायला अवकाश होता.

निकाल शिमग्याच्या आधी लागला. यादीत दोघांचीही नावं होती, स्पृहाचं बरंच वर, उन्मेषचं काठावरून आत. अप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून यादीचं पान छापून आणलं आणि त्या नावाखाली पट्टी लावून रेघ मारली. मग जयवंतमामाकडे गेले.

"म्हणजे मिरची?" मामानं विचारलं.

"माणूस ठेव तुझ्या कांडपावर. आमच्याकडे मुख्य परीक्षा आहे."

मामानं अप्पांकडे पाहिलं. 'आमच्याकडे' हा शब्द आपल्या तोंडून कधी निघाला, हे अप्पांनाही कळलं नसावं.

मुख्य परीक्षा म्हणजे मात्र वेगळंच प्रकरण. नुसतं काय ते सांगून भागत नाही, का आणि कसं ते पानंच्या पानं लिहावं लागतं. उन्मेषनं अभ्यासक्रम पुढं घेतला, डोळे मिटले आणि जिना चढला, तर आत मुंगीला वाव नाही. दुर्गाकाकूंच्या अंगाखांद्यावर तीन समित्या, गुणाजींच्या दारात राज्यपालही येऊन राहिलेले, अप्पांच्या खुर्चीखाली महाधिवक्ता. आणखी सामान कुठं ठेवणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो खाली उतरला आणि रस्ता ओलांडून समोरच्या चाळीत शिरला. समोरची चाळ म्हणजे गणपतीच्या देखाव्यात पिढीजात स्पर्धक. आजवर तो तिच्या जिन्याची पायरीही चढला नव्हता. वरची गॅलरी त्याच्या गॅलरीसारखीच होती, पण ऊन उलट्या बाजूनं येत होतं. दारं उघडी होती. कुठून फोडणीचा वास येत होता, कुठं रेडिओ पुटपुटत होता. पहिल्याच दारात बंडी घातलेले एक आजोबा बाकावर पाय पसरून बसले होते. कपाळावर आठ्या अशा, की त्यांत एखादी पंचवार्षिक योजना सहज मावली असती.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

उन्मेष जरा गोंधळला. "अजून ठरलं नाही, काका. पण मी आता रोज येणार आहे."

आजोबांनी त्याला नीट न्याहाळलं. मग बाकावरचे पाय खाली घेतले आणि आत बघून कुणाला तरी म्हणाले, "आधण वाढव गं. पाहुणा आहे."

उन्मेष बसला. आज तरी उठून चालणार नव्हतं.